दोन धडांची सहाचाकी: चालत्या नमुन्याच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

काम असं आहे: लष्करी पद्धतीची, मधे सांधा असलेली सहाचाकी गाडी, खऱ्याच्या एक चतुर्थांश मापात, चालती. पुढच्या धडाला चार चाकं, मागच्याला दोन, सहाही चाकांना ताकद, आणि ती ताकद एकाच मोटरमधून, सांध्यातून आरपार जाणाऱ्या शाफ्टने. प्रत्येक चाकात वेगळी मोटर बसवली तर हे काम सोपं होतं, पण मग शिकण्यासारखं फारसं उरत नाही. सांध्यातून शाफ्ट, स्टिअरिंग आणि वजन एकदम कसं न्यायचं, हाच या गाडीचा खरा प्रश्न आहे.

डोळ्यासमोर अमेरिकन सैन्याची एम-५६१, म्हणजे गामा गोट. मूळ कल्पना रॉजर गामाउंट यांची. व्हिएतनाम युद्धाच्या काळात १४,२७४ गाड्या तयार झाल्या. सव्वा टन ओझं, अॅल्युमिनियमचं अंग, पाण्यात तरंगणारी. इंजिन डेट्रॉइट डिझेलचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ज्याच्या आवाजापायी ड्रायव्हरला कानांवर संरक्षण लावूनच बसावं लागे. पुढची आणि मागची चाकं एकमेकांच्या उलट वळतात, मधली सरळ राहतात. सांध्यात दोन धडं एकमेकांच्या तुलनेत कुशीवर कलू शकतात (यापुढे रोल) आणि नाक वर-खाली करू शकतात (पिच), पण सांध्यातून डावी-उजवीकडे वळत नाहीत.

स्वीडिश बीव्ही-२०६ बरोबर उलट्या विचाराची आहे. तिथे चाकंच नाहीत, चार रबरी पट्टे आहेत आणि गाडी सांध्यातूनच वळते, हायड्रॉलिक सिलिंडरच्या जोरावर. बर्फासाठी ते उत्तम. अमेरिकन लॉकहीड कंपनीच्या ट्विस्टर या गाडीत तर तिन्ही हालचाली मोकळ्या होत्या आणि दोन धडांना दोन इंजिनं. आपल्या मापात, आपल्या खिशात गोटचा मार्ग बसतो.

ठरलं: रोल मोकळा, पिच ठरावीक कोनानंतर अडवलेला, वळण सांध्यातून नाही.

१५ जून

मापं. एक चतुर्थांश केलं की लांबी चौथ्या हिश्शावर येते, पण वजन चौसष्टाव्या. मूळ गाडी साधारण ३.३ टनांची, म्हणजे नमुना ५२ किलोच्या आसपास हवा. ओझं १,१३४ किलोचं १८ किलो. हे दोन आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत. नमुना जड होऊ लागला की त्यावरून काढलेले निष्कर्ष खऱ्या गाडीला लागू होत नाहीत.

चाकं हातगाडीची, हवा भरायची, बाहेरचा व्यास २६० मिमी. सहाचे ३,३०० रुपये. पुढचा आणि मधला अॅक्सल ५२० मिमी अंतरावर, मधला आणि मागचा तेवढ्याच. सांधा मधल्या अॅक्सलच्या मागे २०० मिमीवर. ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ४३० मिमी. मोटर २४ व्होल्ट, २५० वॅट, गिअरवाली. चासी २५ बाय २५ च्या चौकोनी पाइपची.

२९ जून

सांधा पहिला.

रोलच्या बेअरिंगसाठी भंगारातून मोटारसायकलचा स्टिअरिंगचा टी आणला, २०० रुपयांना. त्याचा दांडा आतून पोकळ असतो आणि वर-खाली कोनसेटचे (गोळ्यांच्या बेअरिंगच्या जोडीचे) कप बसतात, म्हणजे पोकळ रोल बेअरिंग आयतंच मिळतं. नवा कोनसेट ३५० रुपये. दांडा आडवा टाकायचा, घर मागच्या धडाला, दांडा पुढच्या बाजूच्या काट्याला. हा काटा पिचच्या पिनवर खाली-वर होणार.

पिचसाठी आरपार एकच १६ मिमीची पिन काढली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बापूंच्या लेथवर ड्रॉइंग ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, बोट बरोबर मधोमध ठेवलं आणि विचारलं, "अवो, पिन हितनं आरपार घातली तर शाफ्ट कुठनं घालायचा?"

बरोबर होतं. पिच आणि शाफ्टचा क्रॉस (शाफ्टला फिरता फिरता वाकू देणारा जोड) एकाच बिंदूत हवेत आणि तिथे आरपार पिन चालत नाही. दोन बाजूंना दोन आखूड पिना, मधला भाग मोकळा. पिनांभोवती गनमेटलचे बुश (झीज सोसणाऱ्या नळ्या), ग्रीस भरायला निपल. बुश, पिना आणि लेथकाम मिळून १,८०० रुपये.

आणखी एक निर्णय इथेच घ्यावा लागतो: आधी पिच की आधी रोल? पिच पुढच्या धडाला चिकटवला आणि रोल त्याच्या मागे ठेवला, म्हणजे गाडी कितीही पिळली तरी पिचच्या पिना पुढच्या धडाच्या तळाशी समांतर राहतात आणि पिच अडवणारे रबर कायम सपाट टेकतात. उलट क्रमाने लावलं तर पिळलेल्या अवस्थेत रबर एका कोपऱ्यावर येतं.

१३ जुलै

गाडीची लांबी वाचवायला रोलचा दांडा कापून ७० मिमी केला होता. ते अंगाशी आलं. मागच्या धडाच्या टोकाला हात लावून वर-खाली केलं तर सांध्यात खडखड ऐकू येते. दोन बेअरिंगांमधलं अंतर निम्म्याहून कमी झालं की त्याच वजनाखाली कपावर येणारा जोर दुपटीहून जास्त होतो, आणि कोनसेटच्या बारीक गोळ्या तो सोसत नाहीत. गोळ्यांचे डाग कपात उमटलेत, नखाने चाचपले तर लागतात.

दुसरा टी आणला. दांडा अख्खा ठेवला, मागच्या धडाच्या तळाखाली सरकवला. जागा तिथे होतीच. आता प्ले (ढिलेपणा) नाही. पाऊस कोल्हापुरात असा लागलाय की पत्र्यावरच्या आवाजात बेअरिंग ऐकायला कान लावून बसावं लागलं.

२० जुलै

शाफ्ट. रोलचा त्रास नाही, कारण शाफ्ट रोलच्या अक्षातूनच जातो. धड पिळलं तर शाफ्ट फक्त तेवढाच फिरतो, वाकत नाही. गामा गोटसारख्या रचनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

पिचला मात्र क्रॉस लागतो. एकच क्रॉस ३० अंशांत वाकवून हाताने फिरवला तर पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो, सुमारे १५ टक्क्यांनी. जमिनीला चिकटलेल्या चाकांवर हा प्रत्येक हिसका गिअरच्या दातांवर येतो. म्हणून दोन क्रॉस, पिचच्या पिनेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा कोन. मारुती ८०० च्या स्टिअरिंग कॉलमचे क्रॉस घेतले, ६५० ला एक.

जोडताना दोन क्रॉसमधल्या तुकड्याचे दोन्ही काटे एकाच पातळीत हवेत. वेल्डिंगवाल्या पोराने तुकडा ९० अंशांत फिरवून टॅक मारला होता. तसं केलं की पहिल्या क्रॉसचा हिसका दुसरा खात नाही, त्यात भर घालतो. शाफ्टवर खडूची रेघ मारून हळू फिरवलं की हे डोळ्यांनी दिसतं. पूर्ण वेल्ड करण्याआधी ही खडूची रेघ माराच.

सरकणारा भाग चौकोनी बारचा, चौकोनी पाइपात. रिकामा असताना लोण्यासारखा सरकतो. मोटरचा जोर आला की कोपऱ्यांत अडकतो आणि गाडी पिचमध्ये ताठ होते, चढावर नाक खाली यायला तयार नाही. कोपरे घासून गोल केले, मॉलिब्डेनमचं ग्रीस भरलं. फरक पडला, पूर्ण गेलं नाही. खऱ्या गाडीत इथे स्प्लाइनच, म्हणजे लांबीभर खाचा असलेला सरकता शाफ्टच हवा.

३ ऑगस्ट

स्प्रिंग. पुढे आणि मागे दुहेरी आर्म आणि कॉइल, मधे आडवा पाटा. पुढच्या-मागच्या कॉइल गुंडाळून घेतल्या: ४ मिमी तार, सरासरी व्यास ३२, कामाचे ९ वेढे, म्हणजे मिलिमीटरला साधारण साडेआठ न्यूटन. गाडी खाली ठेवली आणि पुढची बाजू ३० मिमीहून जास्त बसली. कारण सोपं आहे. स्प्रिंग आर्मवर चाकापासून आत, ०.६ अंतरावर बसली आहे, आणि चाकापाशी मिळणारी ताकद या प्रमाणाच्या वर्गाने घटते: ०.३६. साडेआठची स्प्रिंग चाकाला तीनचीच वाटते. नव्या चार स्प्रिंग ४.५ मिमी तारेच्या, ८ वेढ्यांच्या. आता चाकापाशी साडेपाच न्यूटन, बसकण १७-१८ मिमी. आधीच्या चारांचे ८८० रुपये गेले.

मधला पाटा ही या गाडीतली वेगळी गोष्ट. ४० मिमी रुंद, ३ मिमी जाड स्प्रिंग स्टीलचा एकच पाटा, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत, आणि मधोमध पक्का न आवळता एका पिनेवर झुलता. डावं चाक दगडावर चढलं की उजवं तेवढंच खाली दाबलं जातं. दोन्ही चाकांवर वजन कायम सारखं. पण याची किंमत अशी की मधला अॅक्सल धडाला कलण्यापासून अजिबात आवरत नाही. पुढचं धड सरळ उभं ठेवण्याचं सगळं काम मग पुढच्या दोन कॉइलवर येतं. पहिल्या मऊ स्प्रिंगवर बॅटरी जरा डावीकडे ठेवली की अख्खं धड तिकडे झुकायचं. नव्यांवर थांबलं. मागच्या धडाला त्याच्या स्वतःच्या दोन स्प्रिंग आहेत, सांधा मोकळा असल्याने त्याला पुढच्याची मदत मिळत नाही आणि अडचणही होत नाही. प्रत्येक धडाला कलण्याविरुद्ध स्वतःचा एक तरी आधार हवा, एवढं बघा. त्याहून जास्त दिला की चाकं उचलली जायला लागतात.

पाट्याची पहिली जोडणी टिकली नाही. टोकाला डोळा वेल्ड केला होता. पुढच्या चाकाखाली विटा लावून नुसतं हलवताना वेल्डच्या शेजारी, बोटभर अंतरावर, काचेसारखा तुटला. तुटलेल्या कडेला राखाडी दाणे आणि वेल्डकडे निळसर पट्टा. स्प्रिंग स्टीलला वेल्डची उष्णता दिली की तिथलं पाणी (तापवून-थंड करून आणलेला चिवटपणा) बिघडतं. आता पाट्याला वेल्ड नाही, ड्रिल नाही. टोकं दोन पट्ट्यांत रबर घालून आवळली आहेत.

१७ ऑगस्ट

विटांवर चाचणी. पुढचं डावं चाक उंच, मागचं उजवं उंच. सांध्यात २५ अंशांचा पीळ आणि सहाही चाकांखाली कागद सरकत नाही. स्प्रिंगांनी जेमतेम काही केलंय, काम सांध्याने केलंय. कारखान्यात येणारे सगळे याच अवस्थेत गाडीचा फोटो काढतात.

स्टिअरिंगचे कोन: वळणाचं केंद्र मधल्या अॅक्सलच्या रेषेवर. सरासरी २६ अंशांना आतलं चाक ३१.४, बाहेरचं २२.१. वळणाची त्रिज्या मधल्या अॅक्सलपाशी १,०६६ मिमी. मागची चाकं न वळवता एवढ्याच लांबीची गाडी याच कोनात वळवली तर त्रिज्या दुप्पट लागते. मागची चाकं पुढच्याच चाकोरीतून येतात, हा दुसरा फायदा. चिखलात एकदाच वाट फोडावी लागते.

३१ ऑगस्ट

हे सगळ्यात अवघड निघालं, म्हणून सविस्तर.

पुढच्या स्टिअरिंगची हालचाल मागे न्यायला लोखंडी रॉड टाकला होता, दोन टोकांना रॉड-एंड (सगळीकडे हलणारे गोळ्याचे जोड), लांबी १२० मिमी, रोलच्या अक्षापासून बाजूला ९० मिमी. शाफ्ट मधोमध असल्याने रॉडला जागा बाजूलाच. सपाट जमिनीवर अगदी नेमकं. गाडी पिळली की मागची चाकं आपोआप वळायला लागली, कोणी स्टिअरिंगला हात न लावता.

हिशेब मांडला. २५ अंश पिळलं की रॉडचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत ३९ मिमी आडवं सरकतं. रॉड तेवढाच राहतो, तिरका होतो, म्हणून त्याची सरळ रेषेतली लांबी १२० वरून ११३.५ होते. हे साडेसहा मिलिमीटर ४५ मिमीच्या स्टिअरिंग आर्मवर आले की चाक ८ अंशांहून जास्त वळतं.

आणि यातली वाईट गोष्ट: डावीकडे पिळा किंवा उजवीकडे पिळा, रॉड आखूडच होतो. म्हणजे चाकं दोन्ही वेळी एकाच बाजूला वळतात. दगड डाव्या चाकाखाली असो की उजव्या, गाडी उजवीकडेच ओढते. खऱ्या गाडीत, उतारावर, भरलेल्या ओझ्याने असं झालं तर ड्रायव्हर काय करणार?

रॉड लांब करून पाहिला. त्रास कमी होतो, जात नाही. रॉड अक्षावर न्यायचा तर शाफ्ट हलवावा लागतो. इंजेक्शनच्या सिरिंजचं हायड्रॉलिक पोरांनी सुचवलं, करून पाहिलं, बुडबुडा शिरला की मागची चाकं ढिली. शेवटी छोट्या टेम्पोची गिअर शिफ्टर केबल, ढकल आणि ओढ दोन्ही करणारी, ९०० रुपये. सांध्यापाशी मोठा वेटोळा सोडला. केबलच्या आतल्या तारेला बाहेरचं आवरण सोबतच वाकतं, म्हणून पिळाने लांबी बदलत नाही. रोलचा परिणाम नाहीसा झाला, पिचचाही.

पण केबलला स्वतःचा ढिलेपणा असतो, या लांबीला साधारण ३ मिमी. ४५ च्या आर्मवर तो जवळपास ४ अंश होतो. दोन्ही टोकांना ९० मिमीचे लिव्हर लावून केबलची धाव दुप्पट केली. ढिलेपणा ३ च राहिला, चाकावर दिसणारा निम्मा झाला. एवढा चालेल.

ही रचना करणाऱ्याने रॉडचा विचार कारखान्यात शिरण्याआधी कागदावर संपवावा. माझा इथे ऑगस्ट गेला.

१४ सप्टेंबर

अॅक्सलच्या क्राऊन-पिनियनसाठी (शाफ्टचा जोर काटकोनात चाकांकडे वळवणारे गिअर) ४ इंची ग्राइंडरचे बेव्हल गिअर वापरले होते. दुकानात सुटे मिळतात, ४५० ला सेट, गुणोत्तरही जमतं. पोर्चमधल्या पायरीवर चढवताना पुढचे दात गेले, नंतर मधले. ग्राइंडरमध्ये हे गिअर प्रचंड वेगाने फिरतात पण जोर अगदी कमी सोसतात. इथे वेग कमी, आणि पायरीवर क्षणभर सगळ्या मोटरचा जोर एकाच अॅक्सलवर येतो. शिवाय डावी-उजवी चाकं पक्की जोडलेली असल्याने फरशीवर वळताना टायर घासून काळे पट्टे.

मोठ्या, १:५ मापाच्या रिमोट ट्रकची डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) मागवली. तीन मिळून १४,४०० रुपये, प्रकल्पातला सर्वात मोठा खर्च. बाहेरून येणार, कधी ते विक्रेता सांगत नाही.

१९ ऑक्टोबर

डिफरन्शियल आली, दिवाळीच्या तोंडावर बसली. आत ५ लाख सीएसटीचं (सेंटिस्टोक, घट्टपणाचं माप) सिलिकॉन तेल भरलं. मधासारखंही वाहत नाही, चमच्याने ढकलावं लागतं. त्यामुळे एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला जोर मिळत राहतो.

फरशीवर पूर्ण वळणात गाडी अजूनही कण्हते, मग टक् आवाज करून सुटते. आता डावं-उजवं नाही, पुढचं-मधलं भांडतंय. पुढचा आणि मागचा अॅक्सल वळणात १,१८६ मिमी त्रिज्येवर चालतात, मधला १,०६६ वर. ११ टक्के फरक, आणि तिन्ही एकाच शाफ्टला पक्के. चिखलात चाक घसरून फरक भरून काढतं, फरशीवर शाफ्ट पिळत जातो.

यावर उपाय फार सरळ सापडला. पुढच्या-मागच्याची त्रिज्या सारखीच असल्याने ते एकमेकांना जोडलेले राहिले तरी चालतं. फक्त मधला सोडायचा. मधल्या पिनियनवर तीन दातांचा डॉग क्लच (दात अडकवून जोडणारा, सोडवणारा जोड), छोट्या सर्वोने (रिमोटवर चालणाऱ्या मोटरने) सरकणारा. कठीण जमिनीवर मधला मोकळा, चिखलात जोडलेला. कण्हणं थांबलं.

२ नोव्हेंबर

शिरोळच्या बाजूला, काळ्या रानात. सोबत सैनिक टाकळीचे सुभेदारकाका, लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलातून निवृत्त, शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप दोन्हींच्या पोटात हात घातलेले. मागच्या पेटीत १८ किलो वाळू.

आधी वजन. प्रत्येक अॅक्सलखाली काटा: पुढे १८, मधे २८, मागे २६ किलो. सांध्यावर आलेलं ओझं मधल्या अॅक्सलच्या मागे पडतं, म्हणून पुढचा भाग उचलला जातो. नुकतं पाणी दिलेल्या रानात याचा अर्थ लगेच दिसला. चाकं वळतात, गाडी सरळ जाते. काकांनी दोन पावलं चालून चाकोरी बघितली आणि म्हणाले, "नाकावर वजन न्हाई रं तिच्या. बॅटरी फुडं घे." साडेसात किलोची बॅटरी ३०० मिमी पुढे नेली. २२, २४, २६. त्याच चिखलात आता वळते.

मग पाट ओलांडायचा. रुंदी ३५ सेंमी, खोली २५. पिच अजून जवळपास मोकळाच होता. पुढची चाकं काठ सोडताच पुढचं धड मधल्या चाकांवर पुढे कलंडलं, सांधा वर उचलला आणि नाक पाटाच्या तळाला टेकलं. तिथून कोणतीही ताकद ती बाहेर काढू शकत नाही, चाकाचा मध्यच काठाखाली.

सांधा १५ अंशांवर अडवला तर हिशेबाने पुढची चाकं ८ सेंमी खाली जातात आणि मागच्या धडाचं वजन त्यांना तिथेच धरून ठेवतं. बांधावरच्या लाकडाचे गुटके घालून पाहिलं. पाट पार. पण मग उंच बांधाच्या माथ्यावर पुढची आणि मागची चाकं दोन्हीकडे लोंबकळली, कारण तिथेही सांध्याला त्याच दिशेने वाकायचं असतं. एकाच अडणीकडून पाटाला ताठपणा हवा आणि बांधाला सैलपणा. ट्रकचे बंप स्टॉप (धक्का थोपवणारे रबर) कापून लावले: १० अंशांवर टेकतात, दाबत दाबत २० पर्यंत जातात. नाक वर करायच्या दिशेला ३५ अंश मोकळे. दोन्ही अडथळे पार, पाटावर थोडं बुडतं.

उलटं घेताना मात्र ही गाडी मनापासून आवडली. ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला मागे घेताना जो घोळ होतो तो इथे होऊच शकत नाही. सांधा वळतच नाही, त्यामुळे मागचं धड दुमडत नाही. मागे तोंड करून चालवायची, झालं. काकांनी स्वतः रिमोट घेऊन ती बांधाच्या कडेने मागे आणली.

घरी परतताना लेहकडच्या उंचीवरच्या रस्त्यांचा विषय निघाला. सांध्याच्या पट्टेवाल्या गाड्या आता आपल्याकडेही येतायत: बीव्ही-२०६ च्या वंशातल्या बीव्हीएस-१० ची सिंधू ही आवृत्ती भारतीय लष्करासाठी लार्सन अँड टुब्रो करणार आहे. काकांचा पहिला प्रश्न: सांध्याला ग्रीस कुठून मारायचं आणि किती वेळाने?

२३ नोव्हेंबर

पाणी. शेतात जाण्याआधी कागदावर: पुढच्या पेटीचं आकारमान ३४ लिटर, दोन जोड्या टायर १४, एकूण ४८. वजन ३६ किलो. तरंगेल. मागची पेटी २९ आणि टायर ७, एकूण ३६ लिटर, आणि भरलेलं वजनही ३६ किलो. म्हणजे काठोकाठ. सांधा मधे दुमडून मागचं धड बुडणार. मागच्या पेटीच्या कडा ८० मिमी वाढवल्या, जवळपास १४ लिटर मिळाले. पत्रा आणि पॉप रिव्हेट ७०० रुपये.

शेततळ्यात दोर बांधून सोडली. अस्तर फाटू नये म्हणून काठावर गोणपाट. गाडी तरंगली. मागचं धड पुढच्याहून खाली, पण कडा पाण्याबाहेर. चाकांच्या फिरण्याने पुढे सरकते, चालणाऱ्या माणसाच्या निम्म्या वेगानेही नाही. स्टिअरिंग पाण्यात उशिरा लागतं पण लागतं, पुढच्या-मागच्या दोन्ही जोड्या वळत असल्याने जागच्या जागी नाक फिरतं.

गळती आर्मच्या रबरी बूटातून नव्हती, तिची मला भीती होती. पाणी आलं ते डॉग क्लचच्या सर्वोच्या तारेच्या भोकातून. सिलिकॉन भरलं. उताराने बाहेर येताना पुढची चाकं जमिनीला लागली तेव्हा मागचं धड अजून तरंगत होतं. सांधा मोकळा नसता तर पुढची चाकं परत उचलली गेली असती.

७ डिसेंबर

सगळं खोलून पाहिलं.

रोलचा कोनसेट चांगला. पिचचे गनमेटल बुश एका बाजूने झिजलेत, सुमारे ०.४ मिमी, आणि झीज वरच्या बाजूला नसून पुढच्या बाजूला आहे. म्हणजे वजनापेक्षा मागच्या धडाला ओढण्या-ढकलण्याचा जोर जास्त खातोय. निपल वरून होतं, ग्रीस तिथपर्यंत पोचतच नव्हतं. नवे बुश ५ मिमी लांब करायला टाकलेत, आत आडवी ग्रीसची खाच, आणि निपल बाहेरून, चाक न काढता पंप लागेल असं. बापू बुधवारी देतो म्हणालेत.

क्रॉसपैकी मागचा किंचित ढिला. चौकोनी सरकत्या बारच्या चारही कोपऱ्यांवर चमक आलीय. तो बदलून सहा खाचांची स्प्लाइन करायची आहे, बहुधा जुन्या टेम्पोच्या शाफ्टमधून कापून.

खर्च आत्तापर्यंत ४६ हजारांच्या आसपास, त्यातले साडेपाच हजार टाकून दिलेल्या भागांचे. वजन रिकामं ५४ किलो, कडा वाढवल्यावर ५५. भिंतीवरच्या ५२ पेक्षा ३ जास्त, आणि ते तिन्ही सांध्याच्या आसपासचे आहेत. काट्याच्या पट्ट्या ८ मिमी जाड आहेत, ६ च्या चालतील. बुश आल्यावर त्या आधी बदलतो, मग पुन्हा काट्यावर.